बावीसशे ब्याऐंशी तास

त्या चित्रपटगृहात ताईला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. तिकीटखिडकीवरच्या बाईपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांची ती ताईच. खरं म्हणजे ती एकट्या धाकट्याची ताई. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, प्रोजेक्टरच्या खोलीत तिच्याबरोबर आलटूनपालटून पाळी करणारा. पण तो दिवसातून पन्नासदा "ताई, ताई" करायचा, आणि ती हाक साथीच्या रोगासारखी सगळ्या इमारतीत पसरली.

दोघांचे वडील याच खोलीत एकतीस वर्षं ऑपरेटर होते. आई गेली तेव्हा ताई चौदाची होती आणि धाकटा पाचचा. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं तिनेच केलं, आणि पुढे बाबांकडून शिकलेलं कामही तिनेच त्याच्या हाती दिलं. आता ती सत्तेचाळीसची होती, तो अडतीसचा. त्याला बायको होती, नऊ वर्षांची लेक होती. ताईने लग्न केलं नव्हतं. कुणी का म्हणून विचारलं, तर म्हणायची, "माझा दिवसभराचा अंधार कुणाला झेपणार?" विचारणारा हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा.

त्या खोलीचा जीव होता प्रोजेक्टरच्या पोटातला लॅम्प. हातभर लांब, मधे अंड्यासारखा फुगलेला, दोन टोकांना धातूच्या टोप्या, आणि आत प्रचंड दाबाने कोंडलेला वायू. पेटला की त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नाही, आणि विझून गार झाला तरी तो गरीब होत नाही; दाब आत असतोच. म्हणून त्याला हात लावायचा तर जाड जाकीट, कोपरापर्यंत हातमोजे आणि हनुवटीपर्यंत येणारी फेसशील्ड चढवायची, असा नियम.

कंपनी एका लॅम्पची पंधराशे तासांची हमी द्यायची. इतर चित्रपटगृहांत चौदाशेलाच रडगाणं सुरू व्हायचं: पडदा पिवळा पडतोय, चित्र लुकलुकतंय. ताईचे लॅम्प अठराशेपर्यंत आरामात जायचे. त्यात जादू नव्हती, चिकाटी होती. दर सोमवारी ती हवेच्या जाळ्या काढून धूळ झटकायची, कारण धुळीने कोंडलेला लॅम्प आपल्याच उष्णतेत शिजतो. खेळ संपला तरी पंधरा मिनिटं पंखा बंद करू द्यायची नाही. नवा लॅम्प बसवला की सुरुवातीला वीज कमीच ठेवायची. जसजसा तो म्हातारा होईल तसतशी थोडी थोडी वाढवायची. अर्धं आयुष्य झालं की तो अर्धा फिरवायची, म्हणजे काचेवरची काजळी एकाच बाजूला धरत नाही. काचेला उघडं बोट म्हणून लावायची नाही, बोटाचा तेलकटपणा तिथेच जळून बसतो. आणि दोन खेळांच्या मधे लॅम्प सहसा विझवायची नाही, मंद करून तसाच तेवत ठेवायची. "लॅम्प जळून मरत नाही, पेटवून मरतो," असं बाबा म्हणायचे. प्रत्येक ठिणगीला आतली टोकं झिजतात, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

आजूबाजूच्या गावांतले ऑपरेटर तिला फोन करून विचारायचे. ती सांगायची. सांगताना आवाजात जरा ताठा यायचा, हे धाकट्याने ओळखलं होतं. फोन ठेवला की तो म्हणायचा, "झाला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बंद?" आणि तिच्या हातचा चिमटा खायचा.

बाबांची एक जुनी वही तिच्याकडे होती. तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी निवृत्त होण्याआधी लिहिलेली एकच ओळ होती: "तेवीसशे तास. मग काढला." त्या आकड्याच्या जवळपासही नंतर कुणी फिरकलं नव्हतं. ताईसुद्धा नाही.

त्या वर्षी एक लॅम्प मात्र विलक्षण निघाला. अठराशे सत्तर तास झाले तरी पडदा दुधासारखा स्वच्छ. पण यंत्राला त्याचं काय? त्यात भरलेली अठराशेची मर्यादा उलटल्यापासून ते रोज सकाळी लाल अक्षरं दाखवून पिपाण्या वाजवायला लागलं: लॅम्पची मुदत संपली, बदला. नवा लॅम्प मागवलेला होता, पण यायला आठ दिवस उशीर होता. एके सकाळी ताई कंटाळली आणि तिने यंत्राला सांगून टाकलं की नवा लॅम्प बसवला आहे. आकडा शून्यावर आला, पिपाणी थांबली. खरे तास तिने आपल्या डायरीत लिहायला सुरुवात केली. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाशी म्हटलं.

आठव्या दिवशी नवा लॅम्प आला. तिने खोका कपाटात ठेवला, उद्या सकाळी बसवू म्हणून. उद्या सकाळी जुना इतका छान पेटला की तिने तो दिवस जाऊ दिला. मग आणखी एक. आणि मग कधीतरी तिच्या मनात तो तेवीसशेचा आकडा येऊन बसला, आणि एकदा बसल्यावर उठेना.

धाकट्याने खोका पाहिला होता. जुना लॅम्प काढला की तो नव्याच्या खोक्यात घालून परत पाठवायची पद्धत होती. त्यामुळे कपाटात खोका म्हणजे जुना लॅम्प त्यात गेला, असं त्याने धरलं. यंत्रावरचा आकडाही तेच सांगत होता. तरी त्याने विचारलं होतं, "नवा बसवलास वाटतं?"

ताई तेव्हा भिंगावरची धूळ टिपत होती. वर न बघता ती म्हणाली, "हूं."

नाही म्हटलं असतं, तर तो हट्टाला पेटला असता. लहानपणापासून नियमाचा पक्का. "काढ तो लॅम्प आधी," म्हणून डोक्यावर बसला असता. दोन-चार आठवडे जातील आणि मग सांगू, हसू दोघं, असं तिला वाटलं.

सहा आठवडे गेले. यंत्रावर चारशे बारा तास होते, ताईच्या डायरीत बावीसशे ब्याऐंशी. अठरा तास उरले होते, म्हणजे जेमतेम दोन दिवस. परवा संध्याकाळी काढायचा, हे तिने ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी पाळी धाकट्याची होती आणि त्याच्या लेकीच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. बापाला जमत नाही म्हणून आत्या गेली. मैदानाच्या कडेला भावजयीशेजारी उभी राहून तिने घसा बसेपर्यंत भाचीला ओरडून साथ दिली. भाची तिसरी आली. धापा टाकत ती आईला येऊन बिलगली, आणि तेवढ्यात ताईचा फोन वाजला. पलीकडे मॅनेजर होता. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

झालं होतं ते असं. दुपारच्या खेळात चित्र लुकलुकायला लागलं. धाकट्याने मध्यंतरापर्यंत कसंबसं रेटलं, मग लॅम्प विझवला. लॅम्प तर नवा, चारशे तासांचा. म्हणजे बिघाड लॅम्पात नाही, जोडणीत कुठेतरी ढिलाई असणार, असा त्याने हिशेब केला. त्यात काही चूक नव्हती. दहा मिनिटं पंखा चालू ठेवून त्याने जाकीट चढवलं, हातमोजे घातले, फेसशील्ड घातली आणि झाकण उघडलं. मागची जोडणी नीट दिसेना, म्हणून वाकून त्याने फेसशील्ड कपाळावर सारली. नुसतं बघण्यापुरती. त्याच क्षणी लॅम्प फुटला.

खाली बसलेल्या लोकांना वाटलं, रस्त्यावर गाडीचं चाक फुटलं.

जाकिटाने छाती वाचली, हातमोज्यांनी हात वाचले. उजव्या गालाला अकरा टाके पडले. उजवा डोळा डॉक्टरांना वाचवता आला नाही.

तीन दिवस ताई दवाखान्याच्या बाकावरून हलली नाही. भावजय घरी जाऊन डबा आणायची, लेकीला शेजारी ठेवून परत यायची. त्या बाईने एकदाही आवाज चढवला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडता उघडता ती म्हणाली, "ताई, चारशे तासांत लॅम्प फुटतो म्हणजे काय? असला माल विकणाऱ्यांना झोप कशी लागते?"

ताईने हातातला घास डब्यात परत ठेवला.

त्याच संध्याकाळी मॅनेजर भेटायला आला. तो तसा वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला आधाराला काठी सापडली की तो ती सोडत नाही. "यंत्रावर चारशे बारा तास आहेत, मी स्वतः फोटो काढलाय," तो म्हणाला. "आपल्याकडून काहीच चुकलेलं नाही, ताई. लॅम्पच सदोष होता. गुरुवारी कंपनीचा इंजिनिअर तपासायला येतोय. तुम्ही फक्त तुमची निगा कशी असते ते सांगा. तुमच्यासारखी काळजी कोण घेतं?"

गोष्ट कशी आपसूक रचली गेली होती, हे ताईला लख्ख दिसलं. तिने एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प बसलं की भागत होतं. डायरी तिच्याच पिशवीत होती, आणि दवाखान्याच्या मागे कचरा जाळायची जागाही होती. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि बराच वेळ थांबला.

धाकट्याला बोलू द्यायला लागले तेव्हा तो पहिलं काय म्हणाला, तर, "ताई, तू उगीच अशी चेहरा पाडून बसू नकोस. लॅम्प कच्चा निघाला. तू असतीस तर तुझ्याही हातात फुटला असता." पट्टीखालून दिसणाऱ्या अर्ध्या तोंडाने तो हसायचा प्रयत्न करत होता. "बरं झालं, तू शर्यतीला गेलीस."

ती उठून व्हरांड्यात गेली, नळाखाली तोंड धुतलं, परत आली. भावजय पाणी भरायला खाली गेली होती. ताई खाटेजवळ खुर्ची ओढून बसली.

"लॅम्प कच्चा नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तो जुनाच होता. मी बदललाच नव्हता. आकडा मी शून्य केला होता, नवा येईपर्यंत म्हणून. नवा आला, तोही मी बसवला नाही. खोक्यात तसाच आहे, कोरा."

एका डोळ्याने धाकटा छताकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "किती झाले होते?"

"बावीसशे ब्याऐंशी."

"बाबांचे तेवीसशे."

"हो."

खाली कुठेतरी गाडी ढकलत नेल्याचा आवाज आला आणि लांब गेला. धाकट्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "तू हूं म्हणालीस."

"हो."

"बावीसशेचा आहे हे ठाऊक असतं, तर मी झाकणच उघडलं नसतं. त्या दिवशीचा खेळ बंद केला असता. तास-दोन तास गार होऊ दिला असता." तो रागावून बोलत नव्हता. पाळी बदलताना दिवसभराचं काम सांगावं, तसं सांगत होता. तेच तिला जास्त लागलं. "तू लॅम्प ताणलास, ते मला समजतं गं. मीही ऑपरेटरच आहे. पण तू मला हूं म्हणालीस."

तिने खाटेच्या कडेवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही आणि धरलाही नाही. "तू जा आता," तो म्हणाला.

भावजयीला तिने जिन्यात गाठून सांगितलं. भावजयीने भरलेली कळशी पायरीवर ठेवली, सगळं ऐकून घेतलं, कळशी उचलली आणि वर निघून गेली.

मॅनेजरने मात्र डोक्याला हात लावला. "ताई, हे सांगून त्याचा डोळा परत येणार आहे का? नाही ना? मग कशाला? गुरुवारपर्यंत तोंड मिटून बसा. मी तुमच्या बऱ्याचं सांगतोय." ताई म्हणाली, "त्याच्या बऱ्याचं नाही ते. उद्या तो पुन्हा त्या खोलीत उभा राहील, आणि लॅम्प कसा फुटला हे खोटंच शिकलेला असेल." मॅनेजर बराच वेळ बोलत राहिला. ताईने पुढचं ऐकलं नाही.

गुरुवारी इंजिनिअर आला. केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने फुटक्या लॅम्पच्या टोप्या पांढऱ्या कापडावर ठेवल्या आणि आतलं झिजलेलं टोक भिंगाखाली धरून पाहत राहिला. मॅनेजर फोटो पुढे करत होता. इंजिनिअरने फोटोकडे पाहिलं, टोकाकडे पाहिलं. तो तोंड उघडणार, त्याआधी ताईने डायरी त्याच्यापुढे ठेवली. सहा आठवड्यांची पानं होती, तारीखवार, तिच्याच अक्षरात.

त्याने सगळी पानं उलटली. मग चष्मा काढून म्हणाला, "बाई, मी ही कामं वीस वर्षं करतोय. आकडा शून्य केलेली यंत्रं मी ढिगाने पाहिलीत. पण स्वतःहून डायरी आणून देणारं माणूस पहिल्यांदा पाहतोय."

"हे कौतुक नको," ताई म्हणाली. "त्यातले खरे तास लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. ताईची नोकरी त्याच आठवड्यात गेली. किल्ल्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवून ती उतरली तेव्हा तिकीटखिडकीवरची बाई उभी राहिली. सत्तावीस वर्षं ज्या जिन्यावरून डोळे मिटून चढउतार केली, त्याच्या पायऱ्या ताईने त्या दिवशी मोजून उतरल्या.

मग दिवस फार हळू गेले. धाकटा घरी आला, हिंडूफिरू लागला, चार महिन्यांनी कामावरही रुजू झाला, हे तिला भाचीकडून कळायचं. भाची शाळेतून येता येता दार वाजवायची, गणितं सोडवून घ्यायची आणि सांगायची, "बाबा जिन्यात पडले काल. पण लागलं नाही." किंवा, "बाबांनी सांगितलंय, तुला काही विचारायचं नाही. पण इथे यायला त्यांनी नाही म्हटलेलं नाही." भावजय दिवाबत्तीच्या वेळी पोरीला न्यायला यायची. उंबऱ्याच्या आत यायची नाही. एकदा तिने विचारलं, "जेवलात का?" ताईने मान हलवली. तेवढंच.

सहा-सात महिन्यांनी त्या इंजिनिअरचा फोन आला. ऑपरेटरांसाठी दरवर्षी दोन दिवसांचा वर्ग असतो, लॅम्पवरचा तास घ्याल का, असं तो विचारत होता. ताई म्हणाली, "मी? मला कुठल्या तोंडाने बोलावताय?" तो म्हणाला, "याच तोंडाने. लॅम्प कसा टिकवायचा हे तुमच्याइतकं कुणाला येत नाही. आणि कुठे थांबायचं, हे तर पुस्तकात लिहिलेलंच आहे, पण पुस्तकाचं कोण ऐकतो?"

दोन रात्री ती तळमळली. तिसऱ्या सकाळी तिने होकार कळवला.

वर्ग एका लांबट खोलीत होता, पंचवीस-तीस माणसं. ताईने जाळ्यांपासून सुरुवात केली. धूळ, पंखा, कमी वीज, अर्धा फेरा, उघडं बोट, तेवत ठेवणं. माणसं लिहून घेत होती. अर्ध्या तासाने तिने खडू खाली ठेवला.

"आतापर्यंत जे सांगितलं, त्याने लॅम्प जास्त दिवस चांगला चालतो," ती म्हणाली. "पण त्याच्यावर लिहिलेली मुदत पुढे सरकत नाही. तास वाढले की काच आतून काळी पडते, जास्त तापते आणि हळूहळू कमजोर होते. पडद्यावर ते दिसत नाही. पडदा दुधासारखा असतो आणि काच मेलेली असते. मुदत झाली की काढा, कितीही छान जळत असला तरी. आणि यंत्रावरचा आकडा एकट्याने शून्य करू नका. दुसऱ्या माणसाला उभं करा, जुना लॅम्प त्याच्या हातात द्या, मगच करा. मी एकटीने केला. माझ्या भावाने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. त्याचा उजवा डोळा गेला."

शेवटच्या रांगेतून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटा उभा होता. वर्गाला येणाऱ्यांची यादी तिला कुणी दाखवली नव्हती. तो येणार हे तिला माहीत नव्हतं. गालावरचा व्रण अजून लालसर होता.

"फेसशील्ड मी वर केली होती," तो म्हणाला. "चारशे तासांचा असो नाहीतर चार, लॅम्पसमोर शील्ड वर करायची नाही. ती माझी चूक. तेही सांग, ताई."

ताई वर्गाकडे वळली आणि तिने तेही सांगितलं, त्याच्याच शब्दांत.

मधल्या सुट्टीत सगळे बाहेरच्या व्हरांड्यात चहाला जमले. टेबलावर मोठी किटली होती, ज्याचा त्याने ओतून घ्यायचा. धाकटा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"पोर म्हणत होती, भागाकार तुझ्याकडून समजतो, माझ्याकडून नाही," तो म्हणाला.

"तू घाई करतोस."

"हूं," तो म्हणाला, आणि आपण काय म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं.

त्याने दोन पेले घेतले आणि किटली उचलली. एका डोळ्याने अंतर कळत नाही. धार पेल्याच्या कडेबाहेर गेली, टेबलावर चहा सांडला. ताईचा हात नकळत पुढे झाला. तिने तो मागे घेतला.

धाकट्याने किटलीची चोच पेल्याच्या कडेला टेकवली, टेकल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा ओतला. मग दुसरा पेला भरला आणि तो तिच्याकडे सरकवला.

"रविवारी घरी ये," तो म्हणाला. "ही काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. पण तू ये."